अकरावीच्या अर्जाआधी

जूनच्या मध्याला शाळा उघडतात; विदर्भात उन्हामुळे आणखी आठवडाभराने. नेमक्या त्याच दिवसांत दहावी पास झालेली मुले अकरावीच्या ऑनलाइन अर्जात दहा महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरत बसलेली असतात. पूर्वी मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती या शहरी भागांपुरती असलेली ही केंद्रीय प्रवेशप्रक्रिया 2025 पासून साऱ्या राज्याला लागू झाली आणि कट-ऑफची भाषा तालुक्या-तालुक्यात पोचली. मार्गदर्शन मेळावे, पुरवण्या, यूट्यूबवरची व्याख्याने, सगळे या मुलांसाठी. आमचे म्हणणे एवढेच आहे, की यातले बरेचसे उशिरा येते. आज ज्यांच्याकडे बघायला हवे ती मुले आठवीच्या वर्गात नवी वही घेऊन बसली आहेत.

2025 साली राज्याचा दहावीचा निकाल 94.10 टक्के लागला आणि 211 जणांना शंभर टक्के गुण मिळाले. एवढे सगळे पास होत असताना पास होण्यावरून मुलाविषयी काय कळणार? मग निकालाच्या संध्याकाळी पेढे खाता खाता कोणी तरी काका सांगतात, "सायन्स घे, नंतर कुठेही वळता येतं." या सल्ल्याला हसण्याचे कारण नाही. विज्ञान शाखेतून कला-वाणिज्याकडे वळता येते, उलट दिशेने अभियांत्रिकीला जाता येत नाही. ज्या घराला एक चूकही परवडणारी नसते, ते घर विमा उतरवतेच. पण हा विमा उतरवावा लागतो, कारण मुलाला काय चांगले जमते याचा घरात कोणालाच पत्ता नसतो. दहा वर्षे ज्या शाळेत तो गेला, त्या शाळेलाही नसतो. आणि पुढची दोन वर्षेही हा पत्ता लागत नाही. 'इंटिग्रेटेड'च्या नावाखाली प्रवेश एका महाविद्यालयात, दिवसभराची हजेरी क्लासमध्ये, प्रयोगशाळेचे तोंड फक्त प्रात्यक्षिक परीक्षेपुरते. ज्याला विज्ञान म्हणून ते मूल दोन वर्षे कवटाळते, ते पर्यायांवर गोल काळे करण्यापलीकडे त्याच्या वाट्याला फारसे येतच नाही.

एखाद्या मुलाला काही जमते हे शाळेला कळलेच, तर त्याचे आपण काय करतो तेही पाहावे. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ए श्रेणी आली, की दहावीला सवलतीचे गुण मिळतात. शास्त्रीय नृत्याला, लोककलेला, खेळालाही मिळतात. हेतू चांगला होता. प्रत्यक्षात मुलगी चित्र काढते ती चांगल्या महाविद्यालयात सायन्सला जागा मिळावी म्हणून, आणि जागा मिळाली की रंगपेटी माळ्यावर जाते. तिच्या हातात रेषा आहे ही गोष्ट टक्केवारीत बेमालूम मिसळून जाते. पुढे ती वास्तुरचनेकडे, वस्त्ररचनेकडे किंवा पुस्तकांच्या मांडणीकडे जाऊ शकते, हे तिला सांगण्याची जबाबदारी कोणाचीच नसते.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. 2016 पासून काही वर्षे राज्य मंडळाने दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी घेतली. कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कुठे आहे, ते अहवालात येई. इतक्या मोठ्या संख्येने मुलांना हा प्रश्न विचारला गेला, हेच मोलाचे होते. पण आवडीच्या चाचणीला एक मर्यादा असते: मुलाने जे पाहिलेलेच नाही, त्याची आवड ते सांगणार कसे? लेथ कधी फिरताना न पाहिलेली मुलगी 'तांत्रिक' क्षेत्रापुढे काय म्हणून खूण करणार? 'गणवेशधारी सेवा' मात्र प्रत्येकाने पाहिलेली असते, निदान सिनेमात तरी. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीसारख्या संस्था क्षमता मोजणाऱ्या चाचण्या घेतात आणि निष्कर्ष पालकांसमोर बसून उलगडून सांगतात. त्याचा उपयोग होतो. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेचा 'वेध' हा उपक्रम वेगळ्या वाटेने गेलेली माणसे मुलांसमोर आणून उभी करतो, त्याचाही होतो. (बोटांचे ठसे घेऊन मुलाचा मेंदू वाचून दाखवणाऱ्यांचे पीकही अलीकडे माजले आहे. त्याला शास्त्राचा आधार नाही; त्यापेक्षा कुडमुड्या जोशी परवडला, तो निदान स्वस्तात सांगतो.) पण चाचणी झाली तरी ती कशाची तरी पडताळणी करते. आधी पडताळायला काही हवे.

ते कसे मिळते, याचे उत्तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळला चार दशकांपासून आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. त्यातूनच आठवी ते दहावीसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम शाळांत गेला. आठवड्यातला एक दिवस कामाचा: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य अशी चार दालने, प्रत्येक मुलाने चारही करायची, मुलींनी वेल्डिंग आणि मुलांनी स्वयंपाकही. लोखंडी स्टूल करायचे तर अँगल मापून कापावा लागतो. माप दोन सूत चुकले की चौकट गुण्यात बसत नाही, आणि स्टूल डुगडुगते. तिथे कोणी लाल शेरा मारत नाही. चूक सगळ्यांना दिसते आणि ज्याची त्याला दुरुस्त करावी लागते. मग हिशेब: लोखंड किती, वेल्डिंगच्या कांड्या किती, वीज किती, मजुरी किती धरायची. एका स्टुलात चार मुलांचे चार गुण उघडे पडतात. एकाचा हात स्थिर असतो. दुसरा हिशेबात पक्का निघतो. तिसरी गिऱ्हाइकाशी बोलते आणि चौथा दर वेळी दुसऱ्यांची भांडणे मिटवताना सापडतो. अपूर्णांकांच्या गणितात नापास होणारा मुलगा 'सूत' आणि 'इंच' यांत बिनचूक वावरतो, हे वर्गातल्या फळ्यावर कळण्याची सोयच नाही. एखाद्याला वेल्डिंग मुळीच जमत नाही, हेही तिथेच कळते. तेराव्या वर्षी कळले तर त्यात गमावण्यासारखे काही नसते.

हे पाहणारे आणि लिहून ठेवणारे माणूस मात्र हवे. त्याची जागाही आपल्याकडे आधीच आहे. 2010 पासून पहिली ते आठवीच्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात शिक्षकांनी वर्णनात्मक नोंदी करायच्या असतात: विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. कल्पना उत्तम. पण या नोंदींच्या तयार पुस्तिका बाजारात मिळतात, पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात आणि सत्राच्या अखेरीस साठ मुलांपुढे 'चित्रे काढतो', 'गोष्टींची पुस्तके वाचतो' हेच आलटून पालटून उतरते. दोष एकट्या शिक्षकाचा नाही. निवडणूक, सर्वेक्षण, पोषण आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती भरून उरलेल्या वेळात तो हे करतो. कार्यानुभवाची तासिका वेळापत्रकात असते, ती गणिताच्या जादा तासाला जाते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांसोबत घालवायला सांगितले आहेत. ते दहा दिवस सहलीच्या छायाचित्रांत संपू नयेत.

म्हणून शिक्षण विभागाकडे मागणी छोटी आहे. साठ मुलांच्या नोंदी मागू नका. प्रत्येक शिक्षकाने वर्षात दहाच मुलांविषयी, प्रत्यक्ष पाहिलेले, तारखेनिशी लिहावे आणि ती पाने मुलासोबत दहावीपर्यंत जावीत. गावातला फॅब्रिकेटर, वायरमन, रोपवाटिकावाला, शिवणकाम करणाऱ्या ताई यांना शनिवारी शाळेत बोलवायचे तर त्यांचा बुडालेला रोज भरून द्यावा लागेल. त्या मानधनाची तरतूद जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली हवी, कारण ज्या खर्चाला शीर्ष नसते तो आपल्याकडे होत नाही. आणि पालकांनी आठवीतल्या मुलाला सुट्टीत एक आठवडा तरी मामाच्या गॅरेजात, मावशीच्या दवाखान्यात, ओळखीच्या वकिलाच्या कचेरीत नेऊन बसवावे. फोन मात्र घरी ठेवून.