गुळगुळीत शिवराई
माणदेशात नांगराच्या तासात हिरवट पडलेलं तांब्याचं नाणं सापडलं, की पहिला हात चिंचेकडे जातो आणि तिथंच घात होतो. तो हिरवा थर म्हणजे नुसता मळ नव्हे; उरलीसुरली अक्षरं कैकदा त्यातच तग धरून असतात. जाणकार नाणं घासत नाही. सोनाराच्या काट्यावर वजन करतो, मग उन्हं कलल्यावर तिरपं धरून सावकाश फिरवतो. कडेला ठिपक्यांची माळ, एका अंगाला ‘श्री राजा शिव’मधल्या ‘जा’चा काना, दुसऱ्या अंगाला ‘छत्र पति’मधला अर्धामुर्धा ‘प’ एवढं उमटलं तरी शिवराई ओळखली. अक्षरांमध्ये दोन आडव्या रेघा असल्या तर ती दुदांडी, म्हणजे उशिराची. झिजलेल्या रोमन नाण्यांचीही हीच रीत: नाव पुसलं, पण दोन शिपाई आणि मधे दोन निशाणं दिसली, की काळ इसवी सन 330च्या आसपासचा, कॉन्स्टंटाइनचा. धनुष्यबाण दिसला तर मात्र श्वास रोखून बघावं. विळिवायकुर वगैरे प्राचीन कुर राजांच्या नाण्यांवर ती खूण असते. अशी नाणी कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडात सापडली, आणि त्याच टेकाडातून पोसायडन या समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्तीही निघाली, थेट रोमच्या व्यापारातून आलेली.