संप्रेरकाचा आकडा आणि मैदानाचे दार

जुलै २०२२ मध्ये मोरोक्कोत महिला आफ्रिका नेशन्स चषकाची फुटबॉल स्पर्धा झाली. ही केवळ खंडाच्या विजेतेपदाची लढत नव्हती. उपांत्य फेरी गाठणाऱ्या चार संघांना २०२३ च्या विश्वचषकाचे थेट तिकीट मिळणार होते, म्हणजे हीच आफ्रिकेची पात्रता स्पर्धाही होती. ती सुरू होण्याच्या तोंडावर झांबियाची कर्णधार बार्ब्रा बांडा संघाबाहेर गेली. तिला दुखापत झाली नव्हती, उत्तेजक द्रव्याचा आरोप नव्हता, शिस्तभंगही नव्हता. झांबियाच्या फुटबॉल संघटनेच्या अध्यक्षांनी सांगितले की, आफ्रिकी महासंघाला आवश्यक असलेल्या लिंग-पडताळणीचे निकष ती पूर्ण करू शकली नाही. बातम्यांत एक शब्द वारंवार येत राहिला : टेस्टोस्टेरॉन.

याच बांडाने वर्षभरापूर्वी टोकियो ऑलिंपिकमध्ये नेदरलँड्स आणि चीनविरुद्ध लागोपाठ दोन सामन्यांत हॅट्ट्रिक केली होती. झांबियाने मोरोक्कोत तिच्याविना तिसरा क्रमांक मिळवला आणि विश्वचषक गाठला. त्या विश्वचषकात मात्र ती खेळली. कोस्टा रिकाविरुद्ध तिने केलेला गोल महिला विश्वचषकाच्या इतिहासातला हजारावा गोल ठरला. पुढे एप्रिल २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या आफ्रिकी पात्रता फेरीत झांबिया पहिला सामना मोरोक्कोकडून हरला. रबातमधल्या परतीच्या सामन्यात बांडाच्याच दोन गोलांच्या जोरावर संघाने ऑलिंपिक गाठले. जुलै २०२५ मध्ये पुन्हा मोरोक्कोत झालेल्या आफ्रिका चषकातही ती मैदानात होती.

खेळाडू तीच, खेळही तोच. मग २०२१ मध्ये पात्र, २०२२ मध्ये अपात्र, २०२३ मध्ये पुन्हा पात्र, हे वैद्यकशास्त्राच्या कोणत्या नियमात बसते? उत्तर सरळ आहे. ते वैद्यकशास्त्रात बसत नाही. तो नियम करणाऱ्या संस्थांमधला गोंधळ आहे आणि त्याला विज्ञानाचा अंगरखा घातलेला आहे. बांडाच्या शरीराविषयी बाहेरच्या कोणाला काही ठाऊक असण्याचे कारण नाही आणि इथे त्याविषयी तर्क करायचाही नाही. प्रश्न चाचणीचा आहे.

टेस्टोस्टेरॉनला ‘पुरुषी संप्रेरक’ म्हणण्याची पद्धत आहे. ते अर्धवट खरे आहे. स्त्रीच्या शरीरातही अंडाशय आणि मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी ते तयार करतात. प्रौढ स्त्रियांत त्याचे प्रमाण साधारणतः लिटरमागे दोन नॅनोमोलच्या आत असते, निरोगी पुरुषांत ते सुमारे आठ ते तीस नॅनोमोल असते. मधे मोठी दरी आहे. पौगंडावस्थेत मुलग्यांच्या शरीरात हे प्रमाण वाढते तेव्हा स्नायू आणि हाडे बळकट होतात, हिमोग्लोबिन वाढते. अव्वल धावपटूंमध्ये स्त्री-पुरुषांच्या वेळेत सुमारे दहा ते बारा टक्क्यांचा जो फरक दिसतो, त्यामागे हे मोठे कारण आहे. म्हणून स्त्रियांसाठी स्वतंत्र गट हवाच, याबद्दल वाद असू नये. तो गट नसता, तर बहुतेक खेळांच्या अंतिम फेरीत एकही स्त्री दिसली नसती.

गुंता यापुढे सुरू होतो. संप्रेरक ही किल्ली आहे आणि पेशीतला रिसेप्टर हे कुलूप. किल्ल्या कितीही असल्या तरी कुलूप बिघडलेले असेल तर दार उघडत नाही. काही स्त्रियांची गुणसूत्रे एक्स-वाय असतात, पोटात वृषणग्रंथी असतात, रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर असते. पण पेशी त्याला दादच देत नाहीत. अशी मुलगी जन्मापासून मुलगीच दिसते आणि मुलगी म्हणूनच वाढते. तिचा रक्तातला आकडा मोठा असतो, पण स्नायूंना त्याचा लाभ होत नाही. याच अवस्थेचा अर्धवट प्रकारही असतो, त्यात थोडा परिणाम होतो. किती, ते व्यक्तीनुसार बदलते. काहींत टेस्टोस्टेरॉनचे पुढचे रूपांतर करणारे विकर काम करत नाही, काहींत ॲड्रिनल ग्रंथी जास्त संप्रेरक बनवते. पीसीओएस तर घराघरांत माहीत झालेला शब्द आहे, त्यातही हे प्रमाण किंचित वाढते. या सगळ्यांना एका आकड्याच्या रेषेवर उभे करून ‘अलीकडची’ आणि ‘पलीकडची’ असे वाटणे सोपे आहे, बरोबर नाही.

आकडा मोजण्यातही अडचण आहे. अनेक प्रयोगशाळांत टेस्टोस्टेरॉन इम्युनोॲसे पद्धतीने मोजतात. पुरुषांतल्या मोठ्या प्रमाणासाठी ती ठीक, पण स्त्रियांतल्या अल्प प्रमाणासाठी ती पुरेशी भरवशाची नाही. त्यासाठी मास स्पेक्ट्रोमेट्री लागते आणि ती सुविधा सगळीकडे नाही. खेळाडूची कारकीर्द ज्या रक्ततपासणीवर ठरणार, ती कोणत्या पद्धतीने झाली, किती वेळा झाली, कोणी वाचली, हे प्रश्न विचारायलाच हवेत.

या तपासण्यांचा इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. १९६६ मध्ये बुडापेस्टच्या युरोपीय ॲथलेटिक्स स्पर्धेत महिला खेळाडूंना डॉक्टरांच्या मंडळापुढे विवस्त्र उभे केले गेले. १९६८ पासून ऑलिंपिकमध्ये गुणसूत्रांची चाचणी आली. स्पेनची अडथळा शर्यतपटू मारिया होसे मार्तिनेझ-पातिन्यो १९८५ मध्ये या चाचणीत ‘नापास’ झाली. तिची बातमी फुटली, विक्रम पुसले गेले, जवळची माणसे दुरावली. तिच्या पेशी टेस्टोस्टेरॉनला प्रतिसादच देत नव्हत्या, हे सिद्ध करून परत यायला तिला तीन वर्षे लागली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये आठ स्त्रिया या चाचणीत अडकल्या आणि पुढच्या तपासणीनंतर आठही जणींना खेळू दिले गेले. अखेर १९९९ मध्ये ऑलिंपिक समितीने सरसकट चाचणी बंद केली. जागतिक ॲथलेटिक्स महासंघाने १ सप्टेंबर २०२५ पासून वाय गुणसूत्रावरच्या एसआरवाय जनुकाची चाचणी सक्तीची करून तीच वाट पुन्हा धरली आहे. हे जनुक १९९० मध्ये शोधणाऱ्या चमूतले ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ अँड्र्यू सिंक्लेअर यांनीच तिला जाहीर विरोध केला. जनुक आहे एवढेच ती सांगते. ते काम करते का आणि शरीर संप्रेरक वापरू शकते का, हे सांगत नाही, असा त्यांचा आक्षेप आहे.

आफ्रिकी महिला फुटबॉलमध्ये हा प्रश्न बांडापासून सुरू झालेला नाही. २००८ चा आफ्रिकी चषक इक्वेटोरियल गिनीने जिंकला, तेव्हा त्यांच्या काही खेळाडूंवर प्रतिस्पर्धी संघांनी ‘पुरुष’ असल्याचे आरोप केले. त्या संघाची आघाडीपटू हेनोवेवा आन्योन्मा हिने पुढे २०१५ मध्ये बीबीसीला सांगितले की, स्पर्धेनंतर तिला अधिकाऱ्यांसमोर कपडे उतरवायला लावले गेले होते. ना रक्त तपासले, ना तज्ज्ञ बोलावला. कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयातला पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही याला तपासणी म्हणणार नाही. हा अपमान होता.

त्यानंतर २०११ मध्ये फिफाने लिंग-पडताळणीचे नियम केले. त्यांत टेस्टोस्टेरॉनची ठरावीक मर्यादा नाही. खेळाडूच्या बाह्य लक्षणांत काही वेगळे वाटले, तर राष्ट्रीय संघटनेने चौकशी करावी, अशी अपेक्षा मात्र आहे. म्हणजे संशयाची सुरुवात डोळ्यांनी होते. जी उंच, जिचे केस आखूड, जिचा आवाज जाड, जी फार वेगाने धावते, तिच्याकडे बोट दाखवणे सोपे होते. आणि ‘बाई कशी दिसावी’ हा ठोकताळा कोणाच्या डोळ्यांतला, हा प्रश्न उरतोच.

यात आफ्रिकेची नावे इतकी का येतात? २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये महिलांच्या ८०० मीटर शर्यतीतली तिन्ही पदके दक्षिण आफ्रिका, बुरुंडी आणि केनियाच्या धावपटूंनी मिळवली आणि २०१८ च्या नियमांनी तिघींचीही ती शर्यत बंद झाली. याचे एक साधे वैद्यकीय कारण संभवते. श्रीमंत देशांत अशा अवस्था अनेकदा अर्भकावस्थेत किंवा पाळी न आल्यामुळे पौगंडावस्थेत लक्षात येतात आणि तिथेच उपचार सुरू होतात. जिथे बाळाची तपासणी करायलाच डॉक्टर नाही, तिथली मुलगी विशीत, राष्ट्रीय संघात पोचल्यावर आणि तेही एखाद्या संघटनेच्या तोंडून स्वतःच्या शरीराविषयी ऐकते. तिच्यासाठी ती बातमी असते, रोगनिदान नसते.

भारतालाही हे अनोळखी नाही. तमिळनाडूच्या शांती सौंदराजनचे २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेतले रौप्यपदक अशाच चाचणीनंतर काढून घेतले गेले. ओडिशाच्या द्युती चंदला २०१४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेआधी संघातून वगळले गेले. ती क्रीडा लवादाकडे गेली. जुलै २०१५ मध्ये लवादाने तेव्हाचे नियम स्थगित केले, कारण नैसर्गिकरीत्या जास्त असलेल्या टेस्टोस्टेरॉनचा नेमका किती फायदा होतो, हे महासंघ दाखवू शकला नव्हता. पुढे महासंघाने स्वतःच्या संशोधनाचा आधार घेतला. २०१७ च्या त्या निबंधाच्या लेखकांनी २०२१ मध्ये खुलासा केला की, त्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. आणि तो निबंध ॲथलेटिक्सचा होता. फुटबॉल ही सरळ रेषेतली शर्यत नाही. चेंडूवरचा ताबा, पासची नजर, बचावफळीतली फट हेरणे आणि बाकीच्या दहा जणींची साथ, यांतले किती संप्रेरकावर अवलंबून आहे, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

दुसरी बाजू हलकी नाही. समोरच्या संघातली बचावपटूही वर्षानुवर्षे घाम गाळून तिथे आलेली असते. स्पर्धा बरोबरीची असावी, ही तिची अपेक्षा रास्त आहे. काही अवस्थांत शरीराला पुरुषांसारखा लाभ खरोखर मिळतो, हेही नाकारता येत नाही. म्हणून ‘काहीच नियम नको’ ही भूमिका टिकणारी नाही. पण न्यायाची ही अपेक्षा जितकी प्रतिस्पर्ध्याची, तितकीच वगळल्या जाणाऱ्या खेळाडूचीही आहे. नियम आधी माहीत असणे, पुरावा दाखवला जाणे आणि दाद मागता येणे, एवढे तर तिला मिळायलाच हवे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने दक्षिण आफ्रिकेच्या कॅस्टर सेमेन्याच्या खटल्यात नेमके हेच म्हटले : तिला न्याय्य सुनावणी मिळाली नव्हती.

डॉक्टरांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. निरोगी तरुणीचे टेस्टोस्टेरॉन औषधाने खाली आणणे, हा उपचार कोणत्या आजारावर? गर्भनिरोधक गोळ्या किंवा संप्रेरक दाबणारी इंजेक्शने निरुपद्रवी नसतात. रक्तात गुठळी होण्याचा धोका, हाडांची झीज, मनःस्थितीतले बदल, हे सारे त्यात येते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय निबंधात विकसनशील देशांतल्या चार तरुण खेळाडूंची हकीकत आहे. त्यांच्यावर फ्रान्समध्ये अंतर्गत ग्रंथी काढण्याची आणि बाह्य जननेंद्रियावरही शस्त्रक्रिया झाली. त्या ग्रंथींमुळे त्यांच्या प्रकृतीला धोका नव्हता. बाह्य शस्त्रक्रियेचा तर खेळाशी काडीचा संबंध नव्हता. रुग्णाच्या हितासाठी नसलेली शस्त्रक्रिया ‘संमतीने झाली’ म्हणून नैतिक ठरत नाही, विशेषतः नकार दिला तर कारकीर्द संपणार असेल तेव्हा.

सोळा-सतरा वर्षांची मुलगी ‘पाळी आली नाही’ म्हणून आईबरोबर सरकारी रुग्णालयात येते, तेव्हा तपासण्या याच असतात : सोनोग्राफी, संप्रेरके, गुणसूत्रे. निकाल आल्यावर दार लावून, वेळ घेऊन, तिला समजेल अशा भाषेत सांगायचे असते. कागद कोणाच्या हाती पडणार नाही, याची काळजी घ्यायची असते. बाह्यरुग्ण विभागात कितीही गर्दी असली तरी ही पद्धत मोडायची नसते. एका गरीब घरातल्या मुलीला जी गोपनीयता मिळते, ती राष्ट्रीय संघाच्या कर्णधाराला मिळू नये?

म्हणून मागण्या साध्या आहेत. आफ्रिकी महासंघ, फिफा आणि ऑलिंपिक यांचा नियम एकच असावा आणि तो पात्रता फेरीच्या पहिल्या सामन्याआधी लेखी जाहीर व्हावा, म्हणजे स्पर्धेच्या तोंडावर कोणाचे नाव गळणार नाही. तो फुटबॉलमधल्या पुराव्यावर उभा असावा. तपासणी स्वतंत्र तज्ज्ञांनी, खेळाडूच्या खऱ्या संमतीने करावी. निकाल फक्त तिला मिळावा. संघात नाव नसल्याचे कारण माध्यमांना सांगण्याचा अधिकार तिच्याशिवाय कोणालाच नसावा. आणि ज्या संस्थेला तपासणीसाठी पैसा मिळतो, तिने तपासणीनंतरचे समुपदेशन आणि उपचार यांचाही खर्च उचलावा. हे होईपर्यंत या चाचणीच्या अर्जावर सही करायची की नाही, हे संघाच्या डॉक्टरांनीही स्वतःला विचारले पाहिजे. त्यांचा रुग्ण खेळाडू आहे, महासंघ नव्हे.