परिदृश्ये आणि कर्जाची फाईल

केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या अठराव्या वीज सर्वेक्षणाने 2016-17 साठी देशाच्या कमाल मागणीचा अंदाज दिला होता 1,99,540 मेगावॉट. प्रत्यक्षात मागणी 1,59,500 मेगावॉटच्या आसपासच राहिली. मधल्या वर्षांत औष्णिक प्रकल्पांना भरभरून कर्जे दिली गेली. 2018 मध्ये संसदेच्या स्थायी समितीसमोर अडचणीतल्या 34 प्रकल्पांची यादी होती. त्यांची क्षमता सुमारे 40 हजार मेगावॉट. कोळसा नव्हता, वीजखरेदीचे करार नव्हते, हे खरेच. पण मागणी अशीच चढत राहणार, या भरवशावर ही उभारणी झाली होती.

आता बँकांपुढे 2050 आणि 2100 पर्यंतची हवामान-परिदृश्ये, म्हणजे पुढे काय घडू शकेल याची पर्यायी चित्रे, येत आहेत. ती तयार करणाऱ्या, जगभरच्या मध्यवर्ती बँकांच्या ‘एनजीएफएस’ या गटात रिझर्व्ह बँक 2021 पासून सामील आहे. ही परिदृश्ये म्हणजे भाकिते नव्हेत, असे गट स्वतःच सांगतो. तरीही त्यातला आकडा एकदा तक्त्यात शिरला की त्यामागची ‘जर-तर’ गळून पडते. गटाच्या नोव्हेंबर 2024 च्या आवृत्तीत हवामानामुळे होणारे नुकसान ज्या अभ्यासावरून मोजले होते, तो ‘नेचर’मधला शोधनिबंध डिसेंबर 2025 मध्ये मागे घेतला गेला. एकट्या उझबेकिस्तानच्या सदोष आकडेवारीने निष्कर्ष बराच हलला होता. म्हणून धोका कमी झाला, असे समजणे घातक ठरेल. उलट, सरासरी काढणाऱ्या प्रतिमानांतून सर्वांत वाईट शक्यताच निसटतात.

स्थानिक वास्तवही निसटते. 2013 च्या दुष्काळात परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. तापमान किती अंशांनी वाढेल, राष्ट्रीय उत्पन्न किती टक्क्यांनी घटेल, एवढेच सांगणाऱ्या तक्त्यात धरणातला पाणीसाठा कुठून दिसणार? कर्ज बुडते ते मात्र अशाच ठिकाणी.

परिदृश्ये टाकून द्यावीत, असे मी म्हणत नाही. त्यांना प्रश्न विचारायला लावावे, उत्तरे द्यायला नव्हे. 2031-32 पर्यंत कोळशावरची किमान 80 हजार मेगावॉट क्षमता वाढवण्याचा सरकारचा मानस आहे. त्यासाठीच्या कर्जांची परतफेड पुढच्या दशकांत लांबणार. मंजुरीपूर्वी प्रत्येक फाईलवर लेखी नोंद हवी: पाणी कोणत्या धरणातून, टंचाईत आधी कोणाला, साठवणुकीसह सौरवीज स्वस्त झाली तर ही वीज कोण घेणार, आणि हप्ता किती वर्षे थकला तरी बँक तग धरेल.