दाढेचा ठणका आणि मराठीतला कागद

सीमाभागात मराठी कागदपत्रांची मागणी म्हटली की जमिनीचा उतारा, मतदार यादी आणि महापालिकेची नोटीस एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. दवाखान्यातला कागद त्यात कोणी धरत नाही. आमच्या मते तोही धरायला हवा. त्यासाठी आम्ही मुद्दाम दाढदुखीसारखा घरोघरचा विषय घेतला आहे.

आपल्याकडे बहुतेक घरांत कोणाचे ना कोणाचे रूट कॅनाल झालेले असते. ‘नस काढली, आता ती दाढ दुखायची नाही’ असा सर्वसाधारण समज आहे. तो पुरता खरा नाही. उपचारानंतर काही दिवस चावताना दुखणे स्वाभाविक असते. मात्र आठवडे उलटूनही ठणका राहिला, हिरडीवर पुवाची पुळी येऊन फुटू लागली किंवा गालावर सूज आली, तर आत जंतुसंसर्ग शिल्लक आहे असे समजावे. वरच्या पहिल्या दाढेत पुष्कळदा चौथी बारीक नळी असते, ती सापडत नाही. कधी कॅप न बसवल्याने लाळेतले जंतू पुन्हा आत शिरतात, तर कधी मूळच तडकलेले असते. काही वेळा तर दुखतही नाही आणि एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळी छाया तेवढी दिसते.

अशा वेळी आपली मंडळी काय करतात? औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिक गोळ्या आणतात. चार दिवस बरे वाटते, महिन्याभरात दुखणे परत येते. याचे कारण साधे आहे. नस काढलेल्या दाताच्या नळीत रक्तपुरवठाच नसतो, त्यामुळे गोळीचे औषध तेथवर पोहोचत नाही. घर आतून साफ करावे लागते. म्हणजे रूट कॅनाल पुन्हा करणे, मुळाच्या टोकाची छोटी शस्त्रक्रिया करणे किंवा दात काढणे, हेच मार्ग उरतात. मधुमेह असणाऱ्यांनी तर मुळीच दिवस ढकलू नयेत. जबड्याखाली सूज येऊन तोंड उघडेना, गिळता येईना किंवा श्वास जड होऊ लागला, तर रात्र असली तरी थेट मोठे रुग्णालय गाठावे. त्यात जिवाला धोका असतो.

यातले किती आपल्या ज्येष्ठांना कोणी सांगितलेले असते? कोणी म्हणेल, बेळगावातले डॉक्टर मराठी बोलतात, मग तक्रार कसली? बोलतात, हे आम्हीही आनंदाने मान्य करतो. पण खुर्चीत तोंड उघडे ठेवून ऐकलेले घरी येईपर्यंत विसरते. घरी उरतो तो कागद, आणि तो इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असतो. संमतीपत्रावर सही करणाऱ्या आजींना कॅप कधी बसवायची आणि पुन्हा एक्स-रे कधी काढायचा, हे त्यावरून कळावे कसे?

जिल्हा, तालुका वा नगरपालिका क्षेत्रात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के वा अधिक असतील, तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही मिळाव्यात, ही मान्य झालेली तरतूद आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या आणि २०१८ मध्ये पुढे आलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेतही, रुग्णाला त्याला समजेल अशा भाषेत माहिती मिळण्याचा आणि आपल्या तपासण्यांच्या प्रती मिळण्याचा हक्क नमूद आहे. म्हणजे आपण नवे काहीच मागत नाही.

तेव्हा आमचे म्हणणे असे. मराठी परिपत्रकांसाठी यापुढे जे निवेदन जाईल, त्यात सरकारी दवाखान्यांतील संमतीपत्रे व सूचनापत्रे यांचा स्पष्ट उल्लेख असावा. शहरात दोन दंत महाविद्यालये आहेत, त्यांतले एक मराठा मंडळाचे आहे. रूट कॅनालनंतर घ्यायच्या काळजीचे एक पानी मराठी पत्रक त्यांनी काढावे, अशी विनंती आपण करू. सरकारची वाट पाहण्याचे त्यात काही कारण नाही. तोवर प्रत्येक घराने एवढे करावे: उपचाराआधीचा व नंतरचा एक्स-रे मागून घ्यावा, कॅपची तारीख लिहून घ्यावी आणि वर्षाने पुन्हा दाखवून यावे.

भाषेचा हक्क फलकावर दिसावा यासाठी आपण पुष्कळ झगडलो. तो औषधाच्या चिठ्ठीपर्यंत उतरला, तरच घरातल्या वडीलधाऱ्यांच्या उपयोगी पडेल.