दक्ष, पण बहिरा पहारेकरी

बोगद्यातील आग किंवा तेलवाहिनीची गळती वेळीच कळावी म्हणून आता ऑप्टिकल फायबर पहाऱ्यावर बसवले जाते. केसासारख्या बारीक काचतंतूत लेझरचे स्पंद सोडायचे आणि उलट येणाऱ्या क्षीण प्रकाशावरून तापमान, ताण किंवा कंपन नेमके कुठे बदलले ते ओळखायचे, अशी ही युक्ती. मात्र तंतू एकदा बसवला की काम संपले, हा समज धोक्याचा आहे.

काचेतील अशुद्धी काढली तर प्रकाश दूरवर नेता येईल, हे चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये मांडले. आज चांगल्या तंतूत किलोमीटरमागे सुमारे ०.२ डेसिबल, म्हणजे साडेचार टक्के प्रकाश घटतो. ५० किलोमीटरवर दहावा हिस्सा उरतो. फोन-इंटरनेटला तेवढा पुरतो. पाळत ठेवणाऱ्या तंतूत मात्र प्रकाशाला परतही यावे लागते, म्हणजे घट दुप्पट मोजावी लागते. शिवाय ही घट पूर्ण टाळताही येत नाही. काचेत प्रकाश विखुरतो म्हणून तो घटतो आणि त्याच विखुरण्यातून कंपनांची खबर मिळते.

खरी चिंता आहे ती हिशेबात नसलेल्या घटीची. केबलला बसलेला तीव्र बाक, जोडावरची धूळ, तेलविहिरीत काचेत शिरणारा हायड्रोजन ही तिची कारणे. तापमान मोजणाऱ्या रामन पद्धतीत दोन तरंगलांबींच्या प्रकाशाची तुलना होते. दोन्हींची घट असमान वाढली, तर यंत्र चुकीचे तापमान दाखवते.

तंतू तुटला तर यंत्रणा स्वतःच सांगते, असे यावर म्हटले जाईल. ते खरेच आहे. पण तुटणे लपत नाही, हळूहळू क्षीण होणे लपते. पडद्यावर ‘सर्व ठीक’ दिसत राहते आणि दूरच्या टोकाची खबर गोंगाटात बुडते.

म्हणून यंत्रणा ताब्यात घेतानाच संपूर्ण तंतूच्या घटीचा आलेख नोंदवून ठेवावा आणि दरवर्षी नवा आलेख त्याच्याशी ताडून पाहावा. तापमानासाठी तंतू वळवून आणून दोन्ही टोकांकडून मोजणी करावी. दूरच्या टोकाशी ठरावीक जागा मुद्दाम तापवून यंत्र ओळखते का, तेही तपासावे. या चाचण्यांचा खर्च मूळ कंत्राटातच धरायला हवा. पहारेकरी नेमताना त्याचे कान तपासायचे नसतील, तर त्याच्या शांततेवर विसंबून झोपणेही बरे नव्हे.