वही जरा उशिरा उघडू या

२०२५ च्या एप्रिलपासून जूनअखेरपर्यंत महाराष्ट्रात शाळेतल्या भाषांवर जेवढे बोलले गेले, तेवढे आधीच्या कित्येक वर्षांत बोलले गेले नसेल. पहिलीपासून हिंदी हवी की नको यावर मोर्चे ठरले, शासन निर्णय निघाले, बदलले, आणि २९ जूनला ते रद्द झाल्याची घोषणा होऊन प्रकरण डॉ. नरेंद्र जाधव समितीकडे गेले. तिसऱ्या भाषेचा हा गदारोळ ऐन भरात असताना दुसऱ्या भाषेला, म्हणजे मराठी शाळांतल्या पहिलीपासूनच्या इंग्रजीला, पंचवीस वर्षे पूर्ण झाली. त्याची साधी विचारपूसही कुणी केली नाही.

जून २००० मध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, हा निर्णय अमलात आला. तोवर आपल्याकडे इंग्रजी पाचवीपासून असे. त्या वेळचा वाद जुन्या वाचकांना आठवत असेल. मातृभाषेचा पाया कच्चा असताना वर दुसरी भाषा चढवू नका, असे एक बाजू म्हणत होती. पैसेवाल्यांची मुले बालवाडीपासून इंग्रजी ऐकणार आणि शेतमजुराच्या मुलाने तेवढे पाचवीपर्यंत थांबायचे का, असे दुसरी बाजू विचारत होती. दोन्हींत तथ्य होते. पण तो वाद आता आपल्या हातात उरलेला नाही, पालकांनी त्याचा निकाल केव्हाच लावला आहे. इंग्रजी चांगले शिकवत नाही अशी नुसती कुजबुज झाली, तरी पुढच्या जूनमध्ये पट घसरतो, हे द्विशिक्षकी शाळेवर काम करणाऱ्या कुणालाही सांगायला नको. आपल्या हातात उरली आहे ती रोजची इंग्रजीची तासिका. तिचे आपण काय करतो, एवढाच आजचा विषय.

‘असर’च्या २०१६ आणि २०२२ च्या पाहण्यांत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी जेमतेम चौथा हिस्सा साधी इंग्रजी वाक्ये वाचू शकत होता. सहा वर्षांत त्यात फरक पडला नाही. त्याहून बोचणारी गोष्ट अशी, की २०१६ मध्ये ज्यांना ती वाक्ये वाचता आली, त्यांच्यातल्याही साठ टक्क्यांच्या थोड्याच वर मुलांना अर्थ सांगता आला. म्हणजे वाचणाऱ्या दहांतली चारेक मुले अक्षरांचा नुसता आवाज करत होती. आकडे देशाचे असले, तरी आपापल्या वर्गात डोकावल्यावर ते परके वाटतील असे मला वाटत नाही.

अर्थाशिवायचे हे वाचन घडते कसे? त्यासाठी मुद्दाम काही वाईट करावे लागत नाही. रीतसर टाचण काढलेला, फलकलेखन स्वच्छ असलेला तास पाहा. गुरुजी म्हणतात, ‘धिस इज अ कॅट.’ वर्ग एकसुरात म्हणतो, ‘धिस इज अ कॅट.’ लगेच गुरुजी, ‘म्हणजे हे एक मांजर आहे.’ वर्ग, ‘हे एक मांजर आहे.’ चार वाक्यांत हुशार मुलांच्या लक्षात येते, की इंग्रजी वाक्याकडे लक्ष द्यायची गरजच नाही. दोन सेकंद दम धरला, की मराठी वाक्य आपसूक येते. तिसरीचे मूल पुस्तकात प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने ‘धिस’, ‘इज’, ‘कॅट’ असे देवनागरीत लिहून ठेवते आणि पाहुणे आले की तेच घडाघडा वाचते. पाहुणे खूश होऊन शेराबुकात चांगला शेरा लिहितात. मुलाने वाचलेले असते देवनागरीच.

वाक्यागणिक भाषांतर करण्याची ही सवय आपल्याला वारशाने मिळाली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या आणि चांगल्या शिकल्या. पण पाठमाला हाती घेणाऱ्याला मराठी अस्खलित लिहिता-वाचता येत असे, व्याकरण कळत असे, आणि पुढे काय व्हायचे आहे हेही बहुधा ठाऊक असे. तीच रीत आपण सहा वर्षांच्या मुलाला लावतो. त्याला अजून ‘क’ला काना दिला की ‘का’ होतो, याचेच अप्रूप असते.

इथे या मुलाच्या डोक्यात डोकावण्यासारखे आहे. देवनागरीत अक्षराचे नाव आणि उच्चार जवळजवळ एकच. ‘ब’ला ‘ब’च म्हणायचे. मग इंग्रजीच्या तासाला आपण ‘बी, ए, टी’ म्हणतो आणि त्याचा उच्चार ‘बॅट’ असा सांगतो. मूल मात्र ‘बीएटी’ वाचते. आपण हसतो किंवा रागावतो. खरे तर त्याने मराठीत शिकलेला नियम इमानदारीने इथे लावलेला असतो. चूक आपल्या क्रमाची असते. जो शब्द त्याने शेकडो वेळा ऐकलेला, उच्चारलेला असेल, तोच पुढे अक्षरांत ओळखणे सोपे जाते. न ऐकलेला शब्द अक्षरांवरून जुळवणे मोठ्यांनाही जड जाते.

म्हणून या संपादकीयाचे म्हणणे एवढेच आहे, की पहिलीचे पूर्ण वर्ष आणि जमल्यास दुसरीचे पहिले सत्र इंग्रजीची वही बाजूला ठेवावी. बालभारतीचे पहिलीचे पुस्तकही चित्रे, गाणी आणि बोलणे यांनीच सुरू होते. ए टू झेड चार ओळींत गिरवून घेण्याची घाई आपली आहे. या काळात मुलांनी इंग्रजी ऐकावे आणि ऐकलेले अंगाने करून दाखवावे. बोलले तर उत्तम, न बोलले तरी चालेल.

कल्पना नवी नाही. साठच्या दशकात जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आज्ञा ऐकून कृती करायची पद्धत मांडली. पुढे स्टीफन क्रॅशन यांनी, दुसरी भाषा शिकणारे मूल सुरुवातीला काही काळ गप्प राहते आणि त्या काळात ते साठवत असते, याकडे लक्ष वेधले. आणि परदेशातले इथे काय कामाचे, असे म्हणणाऱ्यांसाठी एन. एस. प्रभूंचे काम आहे. १९७९ ते १९८४ या काळात त्यांनी दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत ‘बंगलोर प्रकल्प’ चालवला. मुलांसमोर नकाशे ठेवले, रेल्वेची वेळापत्रके ठेवली, डोके चालवायला लावणारी कोडी ठेवली. व्याकरण सांगितले नाही, पाठांतर करून घेतले नाही. मुलांचे लक्ष उत्तर शोधण्यात गुंतले, की भाषा पाठीमागून येते, ही त्यांची धारणा. प्रभूंची मुले आपल्या पहिलीपेक्षा मोठी होती, तरी गाभा तोच आहे.

प्रत्यक्ष तासात हे कसे दिसते? खडूचा तुकडा आणि एक पुस्तक पुरते. ‘पुट द चॉक ऑन द बुक.’ पहिल्या दिवशी शिक्षकानेच बोलत बोलत करून दाखवायचे. मग एकेका मुलाला पुढे बोलवायचे. तयार झाल्यावर ‘पुट द चॉक अंडर द बुक.’ इथे मजा येते. बरीच मुले आधी पुस्तकच उचलतात. शेवटचा शब्द कानात घुमत असतो, आणि मराठीत वाक्याचा जीव शेवटी असतो, कारण क्रियापद तिथे येते. इंग्रजी आज्ञा मात्र क्रियापदानेच सुरू होते, आणि ते ‘पुट’ पुस्तकापर्यंत पोहोचेतो विसरलेले असते. शिवाय आपल्याकडे ‘पुस्तकाखाली’ असे एकच शब्दरूप, तिकडे ‘अंडर’ आधी आणि पुस्तक नंतर. हा सगळा गुंता व्याकरणाचा एकही शब्द न सांगता सुटतो, फक्त खडू पुष्कळदा वर-खाली व्हायला हवा. मध्ये ‘पुट द चॉक ऑन युवर हेड’ आले की वर्ग खिदळतो, आणि खिदळला म्हणजे कळले. मूल्यमापन तिथल्या तिथे झाले. ज्याला कळले नाही त्याचा हात जागेवरच राहतो, शेजाऱ्याची नक्कल करणाऱ्याचा अर्धा क्षण उशिरा उठतो. चाचणीच्या कागदावर हे दिसत नाही.

मराठी वापरायचेच नाही का? जरूर वापरा. खेळाचे नियम मराठीत सांगा, रडणाऱ्याला मराठीत समजवा, एखादा अवघड शब्द एकदाच मराठीत सांगून मोकळे व्हा. फक्त वाक्यामागून वाक्य असे भाषांतराचे शेपूट लावू नका.

आणि मूल रिकाम्या हाताने येते, हा समज सोडून द्या. बागायती पट्ट्यातल्या सहा वर्षांच्या मुलाला मोटर, स्टार्टर, पाइप, व्हॉल्व्ह, फ्यूज, ट्रॅक्टर, ट्रॉली, डिझेल, बॅटरी हे शब्द पाठ असतात. डीपी जळाली म्हणजे काय अनर्थ होतो हेही त्याला कळते. गल्लीतल्या क्रिकेटने रन, आउट, वाइड, नो बॉल, ओव्हर दिलेले असतात. मोबाइलने चार्ज, रिचार्ज, ऑन, ऑफ, डिलीट दिले आहेत. ‘बॅट’ आणि ‘बॉल’ यांतले स्वर तर २००९ च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ म्हणून वर्णमालेतच दाखल झाले. एवढी शिदोरी घेऊन आलेल्या मुलाला आपण ‘वाय फॉर यॉट’ शिकवतो. घाटमाथ्यावरच्या मुलाने यॉट कुठे पाहावी? पहिल्या आठवड्यात मुलांकडूनच त्यांच्या शब्दांची यादी काढा आणि फळ्यावर शब्दांऐवजी चित्रे काढा. ‘स्विच ऑन द मोटर’ हे वाक्य मुलाला समजावून द्यावे लागणार नाही.

मात्र वर जिथे जिथे ‘मराठीत सांगा’ म्हटले, तिथे सगळ्या शाळा बसत नाहीत. धडगावच्या डोंगरातल्या मुलाच्या घरी पावरी बोलतात, मेळघाटात कोरकू, भामरागडला माडिया. या मुलांना मराठी हीच शाळेत भेटलेली दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी. कॅनडातले जिम कमिन्स १९७९ पासून सांगत आले, की पहिल्या भाषेत मिळवलेली समज वाया जात नाही, ती पुढच्या भाषेत उतरते. हे खरे मानायचे, तर पावरी बोलणाऱ्या मुलाला इंग्रजी शब्दाचा अर्थ मराठीत सांगणे म्हणजे एका अनोळखी माणसाची ओळख दुसऱ्या अनोळखी माणसाने करून देणे. तिथे खडू, पुस्तक आणि कृती यांचे मोल दुप्पट. त्या मुलांची भाषा आपल्याला येत नसेल, तर वर्गातल्याच मोठ्या मुलीला विचारायला लाजू नये. बहुवर्ग शाळेचा असा एक तरी फायदा आहे. मराठी-इंग्रजी एकत्र छापलेली एकात्मिक द्विभाषिक पुस्तके चांगल्या हेतूने आली आहेत, पण त्यांतला ‘द्वि’ या मुलांच्या घराला मोजत नाही.

राहिला प्रश्न आपल्या स्वतःच्या इंग्रजीचा, जो आपण सहसा चारचौघांत काढत नाही. आपल्यापैकी पुष्कळांनी पाचवीपासून इंग्रजी घेतले, डी.एड. मराठीतून केले आणि बोलायची वेळ कधी आलीच नाही. म्हणून वर्गात चुकण्याची भीती वाटते. त्यावर उपाय पुण्याहून येणाऱ्या आणखी एका प्रशिक्षणात नाही. ब्रिटिश कौन्सिल, टाटा ट्रस्ट्स आणि राज्य शासन यांच्या ‘तेजस’ प्रकल्पात शिक्षकांचे छोटे गट ठरावीक काळाने एकत्र बसत, वर्गात काय केले ते इंग्रजीत मोडकेतोडके का होईना सांगत. प्रकल्पांना मुदत असते, गटांना ती असण्याचे कारण नाही. ज्यांना तेही जमणार नाही, त्यांनी आवाज बाहेरून आणावा. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेसने ‘वी लर्न इंग्लिश’ हा रेडिओ कार्यक्रम मराठी शाळांसाठी केला, तो याच विचाराने, की रेडिओ बोलेल आणि शिक्षक मुलांसोबत त्याला उत्तर देईल. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. उच्चार मात्र साहेबी नसला तरी चालतो. ‘इस्कूल’ म्हणणाऱ्या मुलाला थांबवू नका, आपण ‘स्कूल’ म्हणत राहा, महिन्या-दोन महिन्यांत तेही म्हणू लागते.

केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकाऱ्यांना एक विनंती. पहिलीच्या वर्गात गेल्यावर ‘ए टू झेड म्हणून दाखव’ म्हणू नका. मुलाला इंग्रजीत एक साधे काम सांगा आणि ते करते का ते बघा. कोरी वही दिसली म्हणून शिक्षकाला खुलासा मागू नका. केंद्र शिक्षण परिषदेत अर्धा तास तरी इंग्रजीवरची चर्चा इंग्रजीत होऊ द्या, आणि सुरुवात स्वतःपासून करा.

पालकांचे काय, हा उरलेला आक्षेप. शेजारच्या इंग्रजी शाळेतले मूल एबीसीडी लिहिते आणि आमचे अजून खडू पुस्तकाखाली ठेवतेय, अशी तक्रार येणार हे नक्की. तिला तोंडी उत्तर देत बसू नका. जुलैच्या पालक सभेत पहिलीची मुले पुढे आणा, पालकांतल्याच कुणाला तरी ‘ओपन द डोअर’, ‘गिव्ह द बॉटल टू युवर मदर’ अशा चिठ्ठ्या वाचायला सांगा, आणि मुले काय करतात ते त्यांना पाहू द्या. चिठ्ठ्या देवनागरीत लिहिल्या तरी हरकत नाही.