बोहणी झाल्यावर फोटो

होळी आठवड्यावर आली की सातपुड्याच्या पायथ्याचे आठवडे बाजार ओळखू येत नाहीत. एरवी भाजीपाला, मीठ-मिरची आणि प्लास्टिकच्या बादल्यांवर भागणाऱ्या गावांत जीपगाड्या भरभरून माणसे उतरू लागतात. यावलच्या उत्तरेच्या लंगडा आंबा, जामन्या, गाडऱ्या, उसमळी या वस्त्यांपासून थेट चोपडा, रावेर, शिरपूरच्या डोंगराळ भागापर्यंतची पावरा, बारेला आणि भिल्ल कुटुंबे होळीच्या खरेदीसाठी खाली येतात. डाळ्या, फुटाणे, मुरमुरे, गूळ, खजूर, साखरेचे हार-कंगन, पोरांना कपडे, जमले तर चांदीचा एखादा दागिना. हा भोंगऱ्या. सीमेपलीकडे झाबुआ, आलिराजपूर, बडवानीत याच बाजाराला भगोरिया म्हणतात. ज्या गावाचा जो बाजारवार, त्या दिवशी तिथला भोंगऱ्या. त्यामुळे ढोल आणि पावरी आठवडाभर या गावातून त्या गावात फिरत राहतात. वर्षभर कुणी ऊसतोडीला, कुणी गुजरातेत मजुरीला गेलेला असतो, कुणी इथेच केळीचे घड कापून ट्रक भरत असतो. ही सगळी माणसे या आठवड्यात एकमेकांना भेटतात.

त्यांच्याबरोबर हल्ली कॅमेरेही येतात. जळगाव-धुळ्याचे हौशी छायाचित्रकार येतात, पुण्या-मुंबईचे चमू येतात आणि मोबाइल तर प्रत्येकाच्या हातात असतो. त्यात वावगे काही नाही. रंग, गर्दी आणि वाद्ये एकत्र आली की कॅमेरा तिकडे वळणारच. बाहेरच्याने इथे पाहूच नये, असा हट्ट यावल तालुक्याने तरी धरू नये. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, तेव्हा अधिवेशनाचे टिळकनगर सजवायला थेट शांतिनिकेतनातून चित्रकार नंदलाल बोस आले होते. त्यांनी बांबूसारखे इथलेच साहित्य हाती घेतले आणि त्यातून वेशी आणि मंडप उभे केले. बाहेरून आलेला माणूस इथल्या वस्तूकडे किती नीट पाहू शकतो, हे या तालुक्याने तेव्हाच पाहिले आहे.

अडचण आहे ती चित्राखालच्या ओळीची. भोंगऱ्याची छायाचित्रे छापून येतात तेव्हा खाली ठरलेला मजकूर असतो: प्रेमाचा सण, गुलाल लावला म्हणजे होकार, पान खाल्ले की लग्न ठरले, मग मुलगा-मुलगी पळून जातात. आदिवासी संघटनांनी या मजकुरावर वर्षानुवर्षे आक्षेप घेतला आहे. हा होळीचा बाजार आहे, इतके साधे सांगणे समाजातली जाणती माणसे पुन्हापुन्हा करत आली आहेत. तरी दर फाल्गुनात तीच ओळ नव्या चित्राखाली चिकटते. डाळ्यांचे माप घेताना हसलेल्या मुलीचे हसणे कुणासाठी होते, हे तिला न विचारता शहरातल्या टेबलावर ठरते. मग ते चित्र मोबाइलवरून फिरत फिरत तिच्याच पाड्यावर पोचते. पूर्वी निदान अंतराचा आडोसा होता. आता तोही उरलेला नाही.

ही खोड जुनी आहे. विल्यम जॉन्सन या मुंबईतल्या सरकारी नोकराने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईच्या जातीजमातींवर दोन खंड काढले. त्यातल्या कितीतरी चित्रांत माणसे एकीकडे टिपलेली आहेत आणि मागचा देखावा दुसरीकडचा आहे. छपाईत दोन्ही जोडून दिले की झाला अस्सल प्रसंग! त्यानंतर १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड निघाले. त्यात माणसाला चेहरा मिळाला, पण बहुधा नाव मिळाले नाही. जमात लिहायची, स्वभाव लिहायचा, पुढच्या पानावर जायचे. आज स्पर्धेत बक्षीस मिळवणाऱ्या चित्राखाली नुसते ‘आदिवासी युवती’ लिहिलेले दिसते, तेव्हा ते खंड आपण अजून मिटलेले नाहीत असेच वाटते.

यात्रेतला जुना फोटोवाला आठवून पाहा. माघात अट्रावलच्या मुंजोबाला, नवरात्रात मनुदेवीला, खानदेशातल्या कुठल्याही मोठ्या यात्रेत एक कापडी तंबू असायचा. मागे रंगवलेला ताजमहाल किंवा धबधबा, पुढे पुठ्ठ्याची मोटारसायकल, बाजूला कंगवा आणि पावडरचा डबा. नवे जोडपे यायचे, तालमीतले मित्र यायचे, आजीला मांडीवर नातू घेऊन बसवले जायचे. देखावा तिथेही खोटा होता, जॉन्सनच्या चित्रांत होता तितकाच. पण तो त्या माणसांनी स्वतः निवडलेला असे. पैसे त्यांचे, ऐट त्यांची आणि फोटोही त्यांच्याच घरी जाणार, देवाच्या तसबिरीशेजारी खिळ्याला लागणार. कॅमेऱ्यासमोरचा माणूस तिथे गिऱ्हाईक होता. तो तंबू गेला. चित्रे हजारपट वाढली आणि ज्याचे चित्र त्याच्या घरच्या खिळ्याला मात्र काहीच लागेना.

विक्रेत्याची गोष्ट आणखी वेगळी. लोटगाडीवाल्याचा किंवा जमिनीवर बारदान पसरून बसलेल्या बाईचा फोटो वर्षभरात काढतो कोण? बहुतेक वेळा अतिक्रमण हटवायला आलेला माणूस, पुरावा म्हणून. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेला संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्ये झाला. त्यात सर्वेक्षण आहे, विक्री प्रमाणपत्र आहे, ओळखपत्र आहे. पण कॅमेरा वर उचललेला दिसला की माल आवरायला लागणारा हात कायद्याच्या आधीपासूनच शिकलेला आहे. पाहुण्या छायाचित्रकाराला तो संकोच ‘लाजरेपणा’ वाटतो आणि चित्र आणखीच गोड वाटते. त्यामागे धास्ती असू शकते, हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे, की भोंगऱ्याचे छायाचित्र बाजाराचे असावे. नाचाचेही काढावे. ढोलाभोवती एकाच रंगाच्या साड्यांतला फेर कुणालाही थांबवील. पण ती माणसे इथे आधी घासाघीस करायला आली आहेत. ताजव्याच्या पारड्याकडे रोखलेली नजर पाहा, नोट उजेडात धरून तपासणारा म्हातारा पाहा, साखरेचे हार दोरीवर टांगताना वितळू नयेत म्हणून सावली शोधणारा हलवाई पाहा. एवढ्यात वर्षाचा हिशेब दिसतो. संदेश भंडारे यांनी तमाशावर आणि वारीवर काम केले, सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर. त्यांच्या चित्रांतली माणसे कामात असतात आणि काम कळल्याशिवाय ते चित्र निघत नाही. गर्दी उंचावरून टिपण्याचीही एक रीत आहे. उद्धव ठाकरे यांची आकाशातून घेतलेली वारीची छायाचित्रे गाजली आणि वारीचा विस्तार त्यांत खरोखर दिसतो. पण भोंगऱ्यावर ड्रोन फिरवणाऱ्यांना आम्ही एवढेच सांगू, की वरून पाहिले तर नुसत्या ताडपत्र्या दिसतात, डाळ्यांचा भाव दिसत नाही.

थोडे कसबाविषयीही बोलू, कारण सभ्यता आणि कसब इथे एकमेकांच्या फार जवळ आहेत. विकणारी माणसे जमिनीवर बसलेली असतात. उभ्याने काढलेल्या फोटोत ती खुजी आणि केविलवाणी दिसतात. बसून काढलात तर डोळ्याला डोळा भिडतो आणि दोन शब्द बोलणेही होते. निळ्या ताडपत्रीखाली भरदुपारी प्रत्येक चेहरा निळा पडतो, तेव्हा दुकानाच्या कडेला, उघड्या उजेडाजवळ थांबावे. गिऱ्हाइकाच्या आड उभे राहू नये. त्या दिवसाच्या विक्रीवर कुणाची होळी अवलंबून असते. आणि बोहणी व्हायच्या आत कॅमेरा काढूच नये. आधी पावशेर फुटाणे घ्यावेत, मग ‘माय, एक फोटू काढू का?’ असे विचारावे. नाही म्हटले तर नाही. भररस्त्यात फोटो काढायला सरसकट मनाई नाही, हे खरे. पण परवानगी कायद्याच्या पुस्तकातून आणलेली आणि त्या माणसाच्या तोंडून मिळालेली, यात चित्रातसुद्धा फरक दिसतो. ‘विचारले तर सहजपणा जातो’ ही तक्रार नेहमीची आहे. जातोही, दोन मिनिटे. पुढचे गिऱ्हाईक आले की विक्रेता तुम्हाला विसरतो.

ज्याचा फोटो त्याला तो देण्याचे काम आता अवघड राहिलेले नाही. पिशवीत मावणारी छपाईची यंत्रे मिळतात, मिनिटा-दोन मिनिटांत फोटो हातात पडतो. ते नसेल तर पुढच्या वर्षी त्याच बाजारवारी प्रती घेऊन यावे, दुकाने बहुधा ठरलेल्या जागीच लागतात. तालुक्यातल्या शाळा-महाविद्यालयांनी पावरा मुलामुलींच्या हातीच मोबाइल देऊन हा बाजार टिपून घ्यावा, असेही आम्हाला वाटते. आपल्या मावशीचे दुकान कुठल्या बाजूने पाहायचे, हे त्यांना कुणी शिकवायला नको. त्यांच्या ओळीत ‘पळून जाण्याचा सण’ येणार नाही, याची तर खात्रीच आहे.

होळीनंतरच्या अंकात आम्ही भोंगऱ्याची चार पाने काढत आहोत. छायाचित्र पाठवणाऱ्यांनी गाव आणि बाजारवार लिहावा. चित्रातल्या मोठ्या माणसाने सांगितले असेल आणि छापायला त्याची हरकत नसेल तर त्याचे नावही लिहावे. लहान मुलांच्या बाबतीत आईबापांना विचारल्याशिवाय पाठवू नये. त्या दिवशी डाळ्या आणि साखरेचे हार काय भावाने गेले, तेही मागच्या बाजूला टिपून ठेवावे. ‘आदिवासी युवती’ एवढीच ओळ असलेली छायाचित्रे परत पाठवली जातील.